मोबाईलवर आघाडी एक, टीव्हीवर दुसरी, खरं कोणतं धरायचं?

प्रश्न : ताई, मागच्या निकालाच्या दिवशी आम्ही सगळे ओट्यावर मोबाईल घेऊन बसलो होतो, माझ्या ॲपमध्ये एक आकडा, मोठ्या भाऊच्या ॲपमध्ये दुसरा. साडेनऊलाच व्हॉट्सॲपवर कोणीतरी "आपला माणूस आला" टाकलं, पोरांनी फटाके लावले आणि दुपारी सगळं उलटं झालं. आप्पा तेव्हापासून म्हणतात मोजणीतच गडबड असते. खरं काय?
– एक केळी उत्पादक, जळगाव जिल्हा

उत्तर : दादा, आप्पांना आधी हे सांगा की आघाडी फिरली म्हणजे गडबड झाली असं नसतं. मोजणी आठला सुरू होते, आधी टपाली मतं, मग अर्ध्या तासाने मशिनची मोजणी. एका विधानसभा मतदारसंघाला साधारण १४ टेबलं, म्हणजे एका राऊंडला १४ बूथच, ३०० बूथ असतील तर २२ राऊंड होतात. साडेनऊला जे दिसतं ते दोन-चार राऊंडचं, म्हणजे काही गावांचंच मत असतं हो, अख्ख्या तालुक्याचं नाही!

आपल्या शेजारचंच बघा, धुळे लोकसभा, ४ जून २०२४. सहापैकी पाच विधानसभा भागात भाजपचे सुभाष भामरे पुढे होते, पण एकट्या मालेगाव मध्यने काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना एवढी मतं दिली की त्या ३,८३१ मतांनी निवडून आल्या. म्हणून नुसतं लीड बघू नका, कोणत्या भागाची मोजणी बाकी आहे ते बघा, मला तर हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आता आकडे वेगळे का, तर चॅनलवाल्यांची माणसं मोजणी केंद्रावरून फोनवर आकडे कळवतात आणि निवडणूक आयोगाकडे राऊंडचा हिशोब पूर्ण झाल्यावर अधिकारी आकडा भरतात, त्यामुळे तो मागे असतो पण भरवशाचा असतो. निवडणूक आयोगाच्या निकालाच्या साइटवर विधानसभेला उमेदवाराच्या आघाडीसोबत राऊंड पण दिसतो, ९/२२ असं असेल तर अजून १३ बाकी. शेवटचं अपडेट किती वाजताचं आहे तेही लिहिलेलं असतं, पेज रिफ्रेश करत राहा, नाहीतर अर्ध्या तासापूर्वीचाच आकडा बघत बसाल आणि भाऊशी वाद घालाल. निकाल जाहीर असं येईपर्यंत फटाक्यांची पेटी घरातच ठेवा, पोरांना ओरडा पडला तरी चालेल.

आणि हो, झेडपी, नगरपालिका, ग्रामपंचायतीचे निकाल या साइटवर शोधू नका, त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तो वेगळा आहे. बरेच जण तिथंच शोधतात आणि "निकाल दडवला" म्हणतात. त्या दिवशी तहसीलला मोजणी जिथं असेल तिथं बाहेर लाऊडस्पीकरवर सांगतात, ओळखीचं कोणी तिथं असेल तर त्याला फोन करा.