‘गाठीला सुई लावली तर पसरेल ना?’

कर्करोग विभागात समुपदेशन करताना हा प्रश्न सतत कानावर येतो. स्तनाची गाठ असो, मानेची असो, प्रश्न तोच. पण गाठ योनिमुखाशी असली की भीतीला लाजेचीही जोड मिळते आणि बाई घरीच बसते. अशाच एका ताईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ताई शेतकरी कुटुंबातल्या, वय सत्तेचाळीस. योनिमुखाच्या डाव्या बाजूच्या ओठात वाटाण्याएवढं काहीतरी लागत होतं. दुखत नव्हतं, म्हणून वर्षभर कुणाला सांगितलं नाही. सायकलवर बसता येईना तेव्हा जाऊबाईंना सांगितलं. गावाकडच्या डॉक्टरांना बार्थोलिन ग्रंथीची, म्हणजे योनिमुखाशी ओलावा देणाऱ्या ग्रंथीची, गाठ वाटली, गोळ्या झाल्या. ही शंका वावगी नव्हती. त्या जागी येणाऱ्या गाठी बहुतेक वेळा तशाच साध्या असतात. पण चाळिशीनंतर तिथे नव्याने आलेली, टणक, वाढत जाणारी, औषधाला दाद न देणारी गाठ तपासायलाच हवी. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी ‘भूल देऊन काढून टाकू’ असं ठरलं होतं. तेवढ्यात जाऊबाईंनी हट्ट करून त्यांना आमच्याकडे आणलं.

एमआरआयमध्ये गाठ लिंबापेक्षा मोठी निघाली. डॉक्टरांनी जाड सुईने तुकडा घेऊन तपासायचं ठरवलं आणि ताई उठून उभ्या राहिल्या.

‘मॅडम, आमच्या शेजारच्या काकूंना सुई टोचली आणि सहा महिन्यांत त्या गेल्या. मला सुई नको. काढायची तर एकदाच काढून टाका.’

अशा वेळी ‘असं काही नसतं हो’ म्हणून चालत नाही. त्या काकू खरंच गेल्या होत्या. मी काकूंबद्दल विचारत गेले. दवाखान्यात आल्या तेव्हा त्यांना धाप लागत होती, खोकला थांबत नव्हता. म्हणजे सुई लागण्याआधीच आजार पुढे गेलेला असणार. हे ताईंनी स्वतःच बोलता बोलता ओळखलं, मला सांगावं लागलं नाही.

मग मी त्यांना कागदावर गाठ काढून दाखवली. स्नायू, चरबी, त्वचेखालचे तंतू अशा मऊ भागांतून उठणाऱ्या कर्करोगाला सार्कोमा म्हणतात. योनिमुखाचा कर्करोग मुळात कमी आढळतो. त्यातला बहुतेक त्वचेच्या वरच्या थराचा असतो, सार्कोमा शंभरात एखाद-दोन. सार्कोमाची गाठ वरून गुळगुळीत, वेष्टनात बांधल्यासारखी दिसते, पण त्या वेष्टनातही रोगाच्या पेशी असतात. साधी गाठ समजून नुसती सोलून काढली तर काटा अर्धा मोडून आत राहावा तसं होतं. गाठ तिथेच पुन्हा येते, दुसऱ्या वेळी जास्त भाग कापावा लागतो आणि मूत्रमार्ग, गुदद्वार तर अगदी जवळ. सुईमुळे पेशी पसरण्याची शक्यता फार थोडी असते. शिवाय सुई कुठून घालायची हे शस्त्रक्रिया करणारेच आधी ठरवतात, म्हणजे तो मार्गही नंतर गाठीबरोबर काढून टाकता येतो. न तपासता काढणं हा यातला मोठा धोका आहे, आणि हे मी प्रत्येकीला ठासून सांगते.

ताईंनी दोन दिवस मागितले. मला ते योग्य वाटलं.

त्या दोन दिवसांत त्यांचे यजमान मला एकटे भेटले. बायकांचं दुखणं म्हणून तोवर ते बाहेरच बसायचे. खाली बघत त्यांनी विचारलं, ‘आमच्या संबंधांतून झालं का हे? मला पण होईल?’ नाही. हा संसर्ग नाही आणि कुणाच्या वागण्याचं फळही नाही. शरीरसंबंधांतून पसरणाऱ्या एचपीव्ही विषाणूचा संबंध त्वचेच्या थराच्या काही कर्करोगांशी असतो, पण तो विषाणू झाला म्हणूनही कुणाच्या चारित्र्यावर बोट ठेवता येत नाही. ते ऐकून त्या माणसाला रडू आलं. दुसऱ्या दिवसापासून ते आत, बायकोशेजारी बसू लागले.

तुकड्याचा अहवाल आला: लायोमायोसार्कोमा, म्हणजे स्नायूच्या पेशींचा. या जागच्या प्रौढ बायकांतल्या सार्कोमांमध्ये हाच जास्त दिसतो. इतका विरळ आजार असल्याने तुकड्याचे पातळ काप ठेवलेल्या काचपट्ट्या सार्कोमा नेहमी पाहणाऱ्या दुसऱ्या तज्ज्ञांनाही दाखवल्या. प्रकार नेमका कळणं गरजेचं असतं, कारण उपचार त्यावर ठरतात. आक्रमक अँजिओमिक्सोमा नावाची गाठ तशीच दिसते, पुन्हा पुन्हा येते, पण सहसा दूर पसरत नाही आणि तिला हार्मोन रोखणारी औषधं लागू पडू शकतात. सार्कोमा रक्तावाटे फुप्फुसात जाऊ शकतो म्हणून छातीचा सीटी स्कॅन झाला. तो स्वच्छ होता.

शस्त्रक्रियेत गाठीभोवतीचा निरोगी भागही काढला आणि मांडीजवळची त्वचा वळवून जखम झाकली. मूत्रमार्गाच्या बाजूला ही निरोगी भागाची कड अरुंद राहिली, म्हणून नंतर रेडिएशन दिलं. केमोथेरपी प्रत्येकीला लागत नाही, ताईंनाही दिली नाही.

त्यानंतरचं बोलणं फार कमी ठिकाणी होतं. लघवीची धार वाकडी जाते, बसताना ओढ लागते, आरशात बघवत नाही, नवऱ्याजवळ जायची भीती वाटते. ताई हे सगळं बोलल्या, यजमानांसमोर बोलल्या. पहिली दोन-तीन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी तपासणी असते, तिलाही दोघं मिळून येतात.

तुमची गाठ आधीच काढून झाली असेल आणि अहवालात सार्कोमा आला असेल, तरी हात-पाय गाळू नका. पुन्हा शस्त्रक्रिया करून कड स्वच्छ करता येते. जिथे गाठ काढली तिथून अहवाल, काचपट्ट्या आणि गाठीचे तुकडे जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक मागून घ्या. शस्त्रक्रियेआधीची सोनोग्राफी किंवा एमआरआय असेल तर तीही घ्या, आणि सार्कोमाचे उपचार होतात अशा कर्करोग रुग्णालयात जा. खर्चाची काळजी असेल तर सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल तिथल्या आरोग्यमित्रांना, म्हणजे योजनेच्या मदतनिसांना, विचारा. जखम पूर्ण भरेपर्यंत घरी थांबू नका.