आधी आजीला तिथ्या विचार, मग रेकॉर्ड रूम

बेटा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. "अख्खं घर प्लेगमध्ये गेलं, एकटे खापरपणजोबा वाचले" असं घरी सांगतात म्हणे. सांगू दे, पण तू वहीत प्लेग हा शब्द पेन्सिलनं लिही. प्लेग मुंबईत आला 1896 मध्ये, नागपूरकडे त्याच्यानंतर, म्हणजे मरणं त्याच्या आधीची निघाली तर पटकी (कॉलरा) असेल नाहीतर देवीचा रोग. आपल्या आज्या नुसतं "मरी आली" म्हणायच्या न, त्यात सगळंच यायचं, आपण अजूनही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बडग्या-मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीत "रोगराई घेऊन जा गे मारबत" ओरडतो तेव्हा कोणता रोग ते थोडीच सांगतो. मी स्वतः माझ्या घराचं शोधताना दोन वर्षं प्लेग प्लेग करत फिरलो आणि नोंद सापडली 1889 ची, सात वर्षं आधीची. कारणाच्या रकान्यात काय, तर "ताप".

हा ताप शब्द फसवा आहे. गावचा कोतवाल जन्म-मृत्यू तोंडी सांगायचा पोलीस ठाण्यात, तो काही डॉक्टर नव्हता, पटकी अन् देवी ओळखू यायची, बाकी जवळपास सगळं तापात. म्हणून कारण वाचू नको, तारखा वाच. एका घरात आषाढ-श्रावणात आठ दिवसांत तीन मरणं, शेजारच्या घरांतही तेच, तर पाण्यातून आलेली पटकी असण्याची शक्यता जास्त.

आता सगळ्यात आधी काय करायचं, तर आजीजवळ बस. वर्षश्राद्ध कोणत्या तिथीला व्हायचं ते विचार, पितृपक्षातली तिथी नको, त्यात महिना हरवतो. दोन-तीन पूर्वजांच्या तिथ्या एकाच पंधरवड्यात आल्या की समज, तुला महिना मिळाला. अविधवा नवमीला कोणाचं नाव घेतात तेही विचार, कारण कागदात बाया भेटतच नाहीत, "अमक्याची बायको" एवढंच. त्यांची नावं कधी भेटलीच तर नाशिक-त्र्यंबकला यात्रेकरूंच्या कुळांची नोंद ठेवणाऱ्या उपाध्यायांच्या वहीत, तिथं घरचे लोक स्वतः सांगायचे न.

मग कचेरी. घर गावात असेल तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुकाची, म्हणजे त्या जन्म-मृत्यूच्या वहीची, नक्कल माग, जातीच्या व्हॅलिडिटीसाठी जुने कागद शोधणाऱ्यांची गर्दी असते, डबा घेऊन जा. घर नागपुरात महाल-इतवारीतलं असेल तर नगरपालिकेच्या नोंदी, नगरपालिका 1864 साली झाली. पानं वाळवीनं खाल्लेली असतील, चिडू नको. अक्षर मोडी निघालं तर फोटो काढून घे, मोडी दोन महिन्यांत येते, मी पन्नाशीत शिकलो. कागदावर शके असेल तर 78 मिळव, पण 1 जानेवारी उलटल्यावरची, म्हणजे बहुतेक पौष ते फाल्गुनातली नोंद असली तर 79, इथं भले भले चुकतात.

आणि त्या वाचलेल्या पोराला, म्हणजे खापरपणजोबांना, विसरू नको बाप्पा. पाच-सहा वर्षांचा पोरगा एकटा कसा वाढला? शाळेचं दाखल-खारीज (पोराचं नाव घातल्या-काढल्याचं) रजिस्टर सापडलं तर पालकाचं नाव बघ, आडनाव वेगळं असलं तर बहुतेक मामा, मग पुढचा शोध मामाच्या गावी. तुम्ही जे गाव मूळ गाव म्हणून राहिले ते कदाचित आजोळच असेल.

तिथ्या मिळाल्या की टाईप करून पाठव, वहीचा फोटो नको, माझ्या फोनवर काही दिसत नाही.

तुझा काका