शंका-समाधान : बुधाची न दिसलेली बाजू

प्रश्न : ‘मरिनर-१०’ हे यान १९७४-७५मध्ये बुधाजवळून तीनदा गेलं, तरी निम्म्याहून कमी पृष्ठभागाचे फोटो मिळाले, असं वाचलं. उरलेली बाजू दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला का टिपली नाही? कॅमेरा बिघडला होता का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कॅमेऱ्याचा यात काही दोष नाही. आमच्याकडे पोस्टमन येतो तो सकाळी नऊला. त्याला विचाराल, तर आमच्या अंगणात सदा ऊन आणि परसात सदा सावली. मरिनरचं तसंच झालं.

बुध ८८ दिवसांत सूर्याभोवती एक फेरी मारतो. १९७०च्या सुमारास आम्ही शाळेत शिकलो, की स्वतःभोवतीही त्याला ८८च दिवस लागतात. म्हणजे एक बाजू कायम भाजणार, दुसरी कायम अंधारात. ते लिहून मी पैकीच्या पैकी गुण मिळवलेत! खरं तर १९६५मध्येच पेटेन्गिल आणि डाइस या शास्त्रज्ञांनी पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून बुधावर रडारलहरी सोडल्या होत्या. फिरत्या गोलाची जी कड आपल्याकडे येत असते, तिच्यावरून परतणाऱ्या लहरींची वारंवारता जराशी वाढते. दूर जाणाऱ्या कडेवरून घटते. त्या फरकावरून काळ निघाला सुमारे ५९ दिवस. आमच्या पुस्तकापर्यंत ही बातमी पोचायची होती.

इटलीतल्या पादुआचे गणितज्ञ ज्युझेप्पे कोलंबो यांनी ताडलं, की ५९ म्हणजे ८८चे दोन तृतीयांश. सूर्याभोवती दोन फेऱ्या होईपर्यंत बुधाच्या स्वतःभोवती बरोबर तीन गिरक्या होतात. पुढे याच कोलंबोंनी सुचवलं, की मरिनरची कक्षा अशी आखता येईल, की दर १७६ दिवसांनी यान पुन्हा बुधापाशी येईल. एका भेटीच्या तीन भेटी झाल्या त्या अशा. पण १७६ म्हणजे ८८ची दुप्पट! तेवढ्यात बुधाच्या तीन गिरक्या पुऱ्या, आणि ऊन पुन्हा त्याच अर्ध्या भागावर.

मला चुटपुट लागते ती कॅलोरिस या अवाढव्य खोऱ्याची. तिन्ही वेळा ते उजेड-अंधाराच्या नेमक्या सीमेवर, अर्धंच दिसलं. उरलेलं अर्धं जानेवारी २००८मध्ये ‘मेसेंजर’ या यानानं दाखवलं, व्यास भरला सुमारे १,५५० किलोमीटर.

प्रश्न : मंगळयान साडेदहा महिन्यांत पोचलं. मेसेंजरला बुधाच्या कक्षेत शिरायला साडेसहा वर्षं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : घाट उतरताना गाडी पळवावी लागत नाही, आवरावी लागते. सूर्याकडे जाताना यानाचा वेग वाढतच जातो, आणि ब्रेक लावायला बुधावर म्हणण्यासारखं वातावरण नाही. सगळं इंधनावर भागवायचं तर टाकीच केवढी लागेल! म्हणून मेसेंजर पृथ्वीजवळून एकदा, शुक्राजवळून दोनदा आणि खुद्द बुधाजवळून तीनदा गेलं, दर खेपेला वेग-दिशा थोडी बदलत. मार्च २०११मध्ये ते एकदाचं कक्षेत शिरलं.