थंडीत किल्ट घालावा का?

प्रश्न: मुलाचं लग्न जानेवारीत स्कॉटलंडमध्ये एडिनबराला आहे. मीही किल्ट (तिथल्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा, चुण्यांचा पारंपरिक घागरा) घालावा असा व्याह्यांचा आग्रह आहे. वय ६४, थंडी सोसत नाही. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर: काका, खुशाल घाला. मी एडिनबरातच राहतो आणि हिवाळ्यातल्या लग्नांना किल्टच घालतो. कमरेला तो चांगलाच उबदार असतो. पूर्ण किल्टला सुमारे ८ यार्ड लोकरी कापड लागतं. त्यातलं बरंचसं मागच्या चुण्यांत जातं आणि पुढे दोन पदर एकावर एक येतात. भाड्याने घेताना मात्र १६ औंसाचं (म्हणजे यार्डाला साधारण साडेचारशे ग्रॅम वजनाचं) जड कापड मागा. पातळ पॉलिएस्टर वाऱ्याने उडतं, ऊबही देत नाही.

खरा गारठा गुडघ्यांना. जाड लोकरी मोजे घ्या आणि बाहेर फोटो काढेपर्यंत ते गुडघ्यावर ओढून ठेवा. आत मेरिनो लोकरीची मांडीपर्यंतची चड्डी घाला. आत काही घालत नाहीत, हे ऐकलं असेल. मनावर घेऊ नका. भाड्याच्या कपड्यात तर घालणंच योग्य. किल्टची पिन पुढच्या दोन पदरांपैकी फक्त वरच्या पदराला लावा, दोन्ही टाचले तर कापड ओढून फाटतं. बसताना चुण्या हाताने खाली सारख्या करा, म्हणजे चर्चचा गार बाक मांड्यांना लागणार नाही.