वाइड की नॉर्मल? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न: मुंजीत हॉलमध्ये घरच्या सगळ्यांचा फोटो किट लेन्सच्या (कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिमी झूम) १८ मिमीवर काढला. दोन्ही टोकांची माणसं सुजल्यासारखी दिसतात. लेन्समध्ये दोष आहे का?

लेन्स ठणठणीत आहे. वाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणारी लेन्स भिंतीची सरळ रेघ सरळ ठेवते, पण त्यापायी कडेच्या गोल वस्तू, म्हणजे डोकी आणि पोटं, बाहेरच्या बाजूला ताणल्या जातात. क्रॉप सेन्सरवर (फुल-फ्रेमच्या, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा लहान) १८ मिमीला अगदी कडेचं डोकं उंचीच्या मानाने जवळपास २० टक्के रुंद होतं. ३५ मिमीला हेच ५-६ टक्के. ते सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही.

पण खरी गोम अंतरात आहे. त्याच जागेवरून आणखी वाइड लेन्स लावून नंतर कडा कापल्या, तरी टोकाच्या काकू तेवढ्याच रुंद राहतील. उपाय दोनच: मागे सरका किंवा रांग आखूड करा. ५ मीटर मागे जाता आलं तर ३५ मिमीवर सुमारे ३.३ मीटर रुंदी मावते. काहींना खुर्च्यांवर बसवून मागे दोन रांगा केल्या की बहुतेक कुटुंबं त्यात बसतात. जागा नसेल तर दार उघडून व्हरांड्यातून फोटो घ्या. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/५.६ ते एफ/८ ठेवा आणि फोकस पुढच्या रांगेवर.

रांग अर्धवर्तुळात वळवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. वाइडवर तो उलटा पडतो: टोकाची माणसं कॅमेऱ्याच्या आणखी जवळ येतात आणि मोठी दिसतात. रांग सरळच ठेवा.

प्रश्न: क्रॉप सेन्सरचा कॅमेरा आहे. पहिली प्राइम (झूम नसलेली लेन्स) म्हणून सगळे ५० मिमी एफ/१.८ सुचवतात. नॉर्मल, म्हणजे साधारण डोळ्यांना दिसतं तसं दाखवणारी लेन्स तीच ना?

फुल-फ्रेमवर तीच. तुमच्या कॅमेऱ्यावर ती ७५ मिमीसारखी वागते, कॅननवर ८० मिमीसारखी. चेहऱ्यांसाठी छान, दिवाणखान्यात मात्र अडचणीची: ३ मीटरवरून जेमतेम १.४ मीटर रुंदी दिसते. ३५ मिमीवर २ मीटर दिसते, तीच तुमची नॉर्मल. एफ/१.८ला एफ/५.६च्या जवळपास दहापट प्रकाश मिळतो, तो फायदा दोन्हींत सारखाच. घेण्याआधी काही दिवस किट लेन्स ३५ वर ठेवून फोटो काढा, मग ५० वर. जुनी लेन्स घेणार असाल तर सांभाळा: निकॉनच्या ५० मिमी एफ/१.८ डी लेन्समध्ये मोटर नसते, त्यामुळे डी३५०० किंवा डी५६०० वर फोकस हाताने करावा लागतो.

प्रश्न: देवळाचं शिखर फोटोत मागे कललेलं दिसतं. वाइड घेतल्याने हे थांबेल का?

वाइडने थांबत नाही, कॅमेरा वर न झुकवल्याने थांबतं. सेन्सर भिंतीला समांतर असेल तर उभ्या रेषा उभ्याच राहतात. कॅमेरा उभा धरा, स्क्रीनवरची लेव्हल लावा आणि शिखर फ्रेममध्ये येईपर्यंत मागे जा. शिखर १२ मीटर उंच असेल तर क्रॉपवर १८ मिमीला सुमारे १६ मीटर मागे जावं लागतं, ३५ मिमीला ३१ मीटर. गावातल्या गल्लीत ३१ मीटर मोकळी जागा कुठून आणणार? वाइडचा खरा उपयोग इथे होतो. खालची अर्धी फ्रेम फरशीने भरते, ती नंतर कापा. झुकवूनच काढावा लागला तर चारी बाजूंना मोकळी जागा सोडा, कारण सॉफ्टवेअरमध्ये सरळ करताना कडा कापल्या जातात. वेरूळच्या कैलास लेण्याचा फोटो वरच्या कड्यावरून काढताना हेच उलटं होतं: कॅमेरा खाली झुकतो आणि रेषा तळाकडे आवळत जातात.

प्रश्न: राजगडावरून तोरण्याचा फोटो वाइडने काढला, गड ठिपक्याएवढा आला.

येणारच. तोरणाच हवा असेल तर ५५ मिमीचं टोक वापरा. वाइडच वापरायची असेल तर तटाचा दगड किंवा बुरुजाची कड एक-दीड मीटरवर पुढ्यात घ्या. १८ मिमी, एफ/८, फोकस २ मीटरवर: साधारण १ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं.

प्रश्न: वाइडवर पोलरायझर (आकाश गडद करणारा फिल्टर) लावल्यावर आकाशात गडद पट्टा का येतो?

पोलरायझरचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवरच्या आकाशात सर्वाधिक असतो. १८ मिमीला आडवा कोन ६६ अंशांचा, त्यामुळे आकाशाचा काही भाग गडद होतो, काही फिका राहतो. आकाश मोठं असेल तेव्हा फिल्टर काढून ठेवा.