एकच ट्रिगर, सतरा टेबले

प्रश्न : फोंडा तालुक्यातील एका देवस्थानच्या कार्यालयासाठी मी पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरून प्रणाली तयार केली आहे. महाजनांची (देवस्थानच्या सभासदांची) नोंद, अभिषेकाच्या पावत्या, अग्रशाळेतील खोल्या अशी तिच्यात १७ टेबले आहेत. प्रत्येक बदल कोणी आणि केव्हा केला हे समितीला हवे असल्याने मी सर्व टेबलांसाठी एकच ट्रिगर फंक्शन (टेबलात बदल होताच आपोआप चालणारे) लिहिले आणि त्यातच ‘टेबल पावत्यांचे असेल आणि नव्या ओळीतील रक्कम शून्य असेल, तर अडवावे’ अशी अट घातली. पावत्या सुरळीत झाल्या. मात्र नव्या महाजनाची नोंद करताना ‘न्यू या रेकॉर्डमध्ये रक्कम हे फील्ड नाही’ असा संदेश येऊन काम अडले. अट तर पावत्यांपुरतीच होती. चूक कोठे झाली? हेच मायएस्क्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये करता येईल काय?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : चूक ‘आणि’ या शब्दात आहे. पहिला भाग खोटा ठरला की दुसऱ्याकडे कोणी पाहणार नाही, असे आपण गृहीत धरले. परंतु पीएल-पीजीएसक्यूएल, म्हणजे पोस्टग्रेसमध्ये फंक्शने लिहिण्याची भाषा, संपूर्ण अट एकच विधान म्हणून तयार करते, आणि ते करताना ‘न्यू’मधील, म्हणजे नव्या ओळीतील, ‘रक्कम’ शोधावीच लागते. महाजनांच्या टेबलात ती नाही, त्यामुळे अट तपासण्यापूर्वीच विधान कोसळते. उपाय सोपा आहे : टेबलाचे नाव तपासणारी ‘इफ’ बाहेर ठेवावी आणि रकमेची ‘इफ’ तिच्या आत. आतली ओळ महाजनांच्या वेळी चालवलीच जात नाही, म्हणून तक्रारही येत नाही.

तरीही ही अट या फंक्शनमध्ये ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्व टेबलांना सामायिक असलेल्या फंक्शनला कोणत्याही एका टेबलाचे कॉलम ठाऊक नसावेत. रकमेचा नियम पावत्यांच्या टेबलावर ‘चेक’ (टेबलालाच जोडलेली अट) म्हणून लिहिला की तो तेथेच राहतो आणि उद्या अठरावे टेबल आले तरी कोणाच्या वाटेत येत नाही.

नोंद ठेवण्यासाठी कॉलमांची नावे लागतही नाहीत. ‘टू_जेसनबी’ हे फंक्शन, जे ९.५ आवृत्तीपासून उपलब्ध आहे, संपूर्ण ओळ एका जेसन मूल्यात, म्हणजे कॉलमांची नावे आणि मूल्ये एकत्र ठेवणाऱ्या स्वरूपात, बदलून देते. टेबलाचे नाव ‘टीजी_टेबल_नेम’मधून आणि क्रिया ‘टीजी_ऑप’मधून मिळते. समजा, कारकुनाने ५०१ रुपयांच्या पावतीत चुकून ५१ लिहिले. नोंदीच्या टेबलात जुनी ओळ ५०१ सह आणि नवी ओळ ५१ सह शेजारीशेजारी दिसते, आणि ते लिहिणाऱ्या फंक्शनला पावती म्हणजे काय हे माहीत नसते. ओळ ओळखण्याचा कॉलम (उदाहरणार्थ, पावतीचा क्रमांक) प्रत्येक टेबलात वेगळ्या नावाचा असेल, तर ते नाव ट्रिगर जोडताना आर्ग्युमेंट म्हणून द्यावे. फंक्शनमध्ये ते ‘टीजी_एआरजीव्ही’च्या शून्याव्या जागी मिळते आणि त्याच्या आधारे जेसनमधून मूल्य काढता येते.

नोंदीचा ट्रिगर ‘आफ्टर’ प्रकारचा, म्हणजे बदल झाल्यानंतर चालणारा, ठेवावा. त्यात फंक्शनने नल (रिकामे मूल्य) परत केले तरी बिघडत नाही; ‘बिफोर’ प्रकारच्या, म्हणजे बदलापूर्वी प्रत्येक ओळीवर चालणाऱ्या ट्रिगरमध्ये मात्र नल परत गेले की ती ओळ कोणताही संदेश न देता गळते, आणि पावती कोठे गेली म्हणून संध्याकाळ वाया जाते. ओळीत बदल करायचा असेल तरच ‘बिफोर’ वापरावा. बदलाची वेळ ठेवणाऱ्या कॉलमाचे नाव सर्व टेबलांत एकच असेल, तर त्यासाठीही एक फंक्शन पुरते. नावे निरनिराळी असतील, तर ‘जेसनबी_पॉप्युलेट_रेकॉर्ड’च्या साहाय्याने हवा तो कॉलम भरता येतो, पण त्यापेक्षा नावे सारखी करून घेणे मी पसंत करीन.

‘कोणी’ या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे. कार्यालयातील सर्व संगणक एकाच डेटाबेस-वापरकर्त्याच्या नावाने जोडलेले असतील, तर प्रत्येक नोंदीत तेच एक नाव येईल आणि समितीला त्याचा काहीही उपयोग होणार नाही. त्यासाठी डेटाबेसमधील प्रत्येक व्यवहाराच्या (ट्रान्झॅक्शनच्या) आरंभी ‘सेट_कॉन्फिग’ने कारकुनाचे नाव ठेवावे आणि ट्रिगरमध्ये ते ‘करंट_सेटिंग’ने वाचावे.

सतरा ट्रिगर हाताने जोडण्याऐवजी टेबलांची यादी वाचणारा लूप लिहिता येतो. नावे जोडताना ‘फॉरमॅट’ या फंक्शनमधील टक्का-आय (%I) वापरावे, म्हणजे नावांभोवतीची अवतरणचिन्हे आपोआप योग्य पडतात. लूपमधून नोंदीचे टेबल वगळण्यास मात्र विसरू नये, अन्यथा नोंदीची नोंद, तिचीही नोंद असे चक्र स्टॅक (फंक्शन चालवण्यासाठीची स्मृती) भरेपर्यंत फिरत राहते. शिवाय ‘ट्रंकेट’ने टेबल रिकामे केले, तर ओळीवरचे ट्रिगर चालत नाहीत, त्यासाठी संपूर्ण विधानावर चालणारा वेगळा ट्रिगर लागतो.

मायएस्क्यूएलमध्ये मात्र हा मार्ग बंद आहे. तेथे प्रत्येक ट्रिगरचा मजकूर एका टेबलाशी बांधलेला असतो, आणि ट्रिगरमध्ये तो चालू असतानाच एसक्यूएल आज्ञेचा मजकूर रचून ती चालवण्यास परवानगी नाही. ‘इन्फर्मेशन_स्कीमा’मधून (डेटाबेसने ठेवलेल्या टेबलांच्या माहितीतून) कॉलमांची यादी वाचून प्रत्येक टेबलासाठी ट्रिगरचा मजकूर तयार करणारा छोटा प्रोग्रॅम लिहावा लागतो, आणि कोणत्याही टेबलात कॉलम वाढवला की तो पुन्हा चालवावा लागतो.