आजीबद्दल बोलायचंय तर हे वाच

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला. आजी प्रभूजवळ गेली आणि स्मरणाच्या उपासनेत चार शब्द तू बोलायचे असं घरच्यांनी ठरवलंय, आणि तुला काही सुचत नाहीये. 'प्रेमळ, प्रार्थनाशील, विश्वासू' एवढं लिहून अडकलीयेस ना? साहजिक आहे गं, पण ही विशेषणं कुणाच्याही आजीला लागू होतात.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 9 काढ. यापो गावात टबीथा नावाची शिष्या वारली तेव्हा येशूचा प्रेषित पेत्र आला, आणि विधवांनी काय केलं तर त्याला रडत रडत तिने शिवलेले अंगरखे आणि कपडे दाखवले. ती किती चांगली होती यावर भाषण नाही, कपडेच पुढे केले. मला वाटतं आठवण सांगायची याहून खरी रीत नाही. तूही तेच कर, आजीच्या हातचं काय उरलंय ते बघ.

सगळ्यात आधी तिचं बायबल. समासात पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा, एखाद्या स्तोत्राशेजारी कुणाचं तरी नाव, कोणाच्या आजारपणात कुठलं वचन धरून बसली होती ते सगळं तिथे सापडेल. पानांचे फोटो आजच काढून ठेव, कारण ते बायबल कोणाकडे जाईल सांगता येत नाही, आणि जी नावं तुला कळणार नाहीत ती मोठ्यांना विचार, विचारताना परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्डिंग लावून ठेव.

नीतिसूत्रे 31 वाच असं बरेच जण सांगतील, वाच की. पण नीट बघ, तिथली बाई पहाट व्हायच्या आधी उठते, गरिबाला हात देते, रात्री तिचा दिवा विझत नाही, आणि मुलं उठून तिला धन्य म्हणतात ते नंतर, 28 व्या वचनात. आधी काम, मग कौतुक. तू पण त्याच क्रमाने सांग. आणि आजी कडक होती, रागवायची, तर तेही येऊ दे, त्याने तिचा विश्वास कमी होत नाही.

आता आईबद्दल. तुझी आजी गेली, पण तिची आई गेली. प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो तेव्हा त्याची आजी लोईस आणि आई युनीके, दोघींचा विश्वास एकाच वचनात आठवतो (2 तीमथ्य 1:5). म्हणून आईला विचारल्याशिवाय काही फायनल करू नकोस, एखादी गोष्ट तिला सगळ्यांसमोर नको असेल तर काढून टाक, कितीही छान असली तरी.

'रडू नकोस, ती प्रभूकडे गेली' असं कोणी म्हणालं तर वाईट वाटून घेऊ नकोस, प्रेमानेच म्हणतात. पण आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला होता, आणि आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका असं पौल म्हणतो, शोकच करू नका असं नाही म्हणत. बोलता बोलता गळा दाटला तर थांब, पाणी पी. नाहीच जमलं तर कागदाची एक कॉपी भावाकडे देऊन ठेव, पुढचं तो वाचेल.

पाच मिनिटांच्या वर नको. दोनच प्रसंग घे, पण पूर्ण सांग. लिहून झालं की आधी आईला वाचून दाखव, मग मला पाठव, कितीही उशीर झाला तरी मी जागी आहे.

तुझी,
ताई